आपणहून

१

चार नंबरच्या काचघरात बुधवारी सकाळी थोरली मेलेली सापडली.

गुलाबाच्या दोन ओळींमध्ये, अगदी मागच्या भिंतीला लागून, ती कुशीवर पडली होती. उजव्या हातात कात्री होती आणि छातीशी फिक्या पिवळ्या गुलाबांचा भारा होता. तो तिने शेवटपर्यंत सोडला नव्हता. काचघराच्या दारावर लाल पाटी लटकत होती. औषध मारलं आहे, आत जाऊ नये, असा तिचा अर्थ. फवारणी सोमवारी दुपारी झाली होती आणि बुधवारी दुपारपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता.

ती आणि तिची बहीण दोघी एकदमच या परक्या देशात फुलं तोडायला आल्या होत्या. त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक थोरली आणि दुसरी धाकटी, हीच त्यांची ओळख झाली. कंपनीच्या नियमाप्रमाणे नातलगांना एका खोलीत ठेवत नसत. मंगळवारी रात्री थोरलीच्या खोलीतल्या बायकांना वाटलं, बहिणीकडे झोपली असेल. धाकटीला वाटलं, आपल्या खोलीत असेल. असं करून कुणीच तिला शोधलं नाही.

शनिवारी सकाळी तपासनीस आले. इथून निघणाऱ्या फुलांच्या प्रत्येक खोक्यावर रास्त व्यापाराचा हिरवा शिक्का असे. ही फुलं ज्यांनी तोडली त्यांना माणसासारखं वागवलंय, असं तो शिक्का दूरच्या गिऱ्हाइकाला सांगे, आणि गिऱ्हाईक त्या भरवशावर चार पैसे जास्त मोजून फुलं नेई. शिक्का देणाऱ्या संस्थेचे हे तपासनीस. उंच, किडकिडीत माणूस. बोलणं मोजकं आणि नजर सारखी घड्याळाकडे, कारण संध्याकाळचं विमान गाठायचं होतं.

बायकांची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून शहरातल्या एका एजन्सीकडून दुभाषी मागवली होती. ती त्या बायकांच्याच मुलखातली. वीस वर्षांपूर्वी इथं आली, आणि गेली बारा वर्षं इस्पितळात नि कोर्टात दुभाष्याचं काम करत होती. एजन्सीचा नियम तिच्या अंगात मुरलेला होता: समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही.

"थोडक्यात सांगतो," मळ्याचे व्यवस्थापक आपल्या ऑफिसात म्हणाले. गुळगुळीत दाढी, हळू आवाज. तपासनिसांची भाषा ते सफाईने बोलत. "मंगळवारी मी इथं नव्हतोच. शहरात एका समारंभात होतो, दोनशे माणसांनी मला पाहिलंय. बाई फुलं चोरायला शिरली. बस थांब्यावर विकायची असतील. फवारणीवाला दाराला कुलूप लावायला विसरला. वाईट झालं, पण यात कंपनीचा काय दोष? तिच्या आईलाही आम्ही फोन करून हेच कळवलं."

"चोरी करताना मेली, असं आईला कळवलंत?" तपासनिसांनी विचारलं.

"खरं होतं तेच कळवलं."

दुभाषीला अजून भाषांतर करण्यासारखं काही मिळालं नव्हतं. पण खोलीच्या दाराशी उभी असलेली एक सतरा-अठरा वर्षांची वाटणारी मुलगी तिच्याकडे एकटक बघत होती. ती धाकटी होती. दुभाषी आत येत असताना ती तिच्या कानाशी लागून फक्त एवढंच म्हणाली होती, "ताई, माझ्या बहिणीनं आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही."

२

जबान्या घ्यायला व्यवस्थापकांनी शांत खोली दिली होती. ती चाचणीची खोली. रोज जो माल बाहेर पडे त्यातला एकेक गुच्छ तिथं पाण्यात ठेवत आणि फुलं किती दिवस टिकतात ते बघत. त्यामुळे तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीला वाराची चिठ्ठी. मधोमध टेबल. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पॅकिंगच्या काकू बसल्या होत्या.

या काकू म्हणजे पॅकिंग शेडच्या मुख्य. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, त्याच मुलखातल्या. नव्या आलेल्या पोरींना पहिल्या रात्री जवळ घेऊन निजवणाऱ्या. "बायकांना धीर यावा म्हणून त्यांना इथं बसवतो," व्यवस्थापक म्हणाले होते, आणि तपासनिसांनी मान हलवली होती.

बायकांत पहिली काकूंचीच जबानी झाली.

"मंगळवारी मी शेडमधून हलले नाही," काकू म्हणाल्या. "सकाळपासून खोक्यांचा डोंगर होता. काचघरात माझं काय काम? मी पॅकिंगची. थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून गेली."

दुभाषीने शब्दाला शब्द सांगितलं.

मग तोडणीवरची एक बाई आली. हात मांडीखाली दाबून बसली. "तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून गेली."

दुसरी आली. तिचे डोळे लालबुंद होते. "तिला कुणी सांगितलं नव्हतं, ती आपणहून गेली."

तिसरीनेही तेच सांगितलं. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, तेसुद्धा तसंच. दुभाषीच्या कपाळावर आठी पडली. 'आपणहून' हा शब्द चुकीचा नव्हता, पण या बायकांच्या तोंडचा नव्हता. त्या म्हणाल्या असत्या, तिची ती गेली, तिच्या मनानं गेली. हा शब्द कुणीतरी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला होता. भाषांतरात मात्र ते इतकं साधं वाक्य होतं की तपासनिसांना त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. ते लिहून घेत होते आणि मधून मधून घड्याळ बघत होते.

चौथी आली ती रेडिओ. हे तिला बायकांनी दिलेलं नाव, कारण ती एकदा लागली की बंद होत नसे. आज मात्र ती मोजकंच बोलली. तिनेही पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं आणि सुटका झाल्यासारखी उठायला लागली.

"थांबा," तपासनीस म्हणाले. "मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"आम्ही पाच नंबरात होतो. लाल गुलाब तोडत होतो."

"ती तुमच्याबरोबर होती?"

"सकाळी होती की. माझ्या शेजारच्या ओळीत." थोरलीची आठवण निघाली आणि रेडिओला सवयीचा सूर सापडला. "हसत होती, बाई. मला म्हणाली, घरी गेले की महिनाभर फुलाकडे बघणार नाही. आणि मग चहाच्या सुट्टीला आपण बाहेर आलो ना, तेव्हा ती दिसली नाही. मला वाटलं, खोलीवर गेली असेल."

बोलताना तिने मान वळवून काकूंकडे पाहिलं होतं. बरोबर असलेल्या माणसाकडे आपण होकारासाठी बघतो, तसं.

काकूंनी मान खाली घातली.

"चहाच्या सुट्टीत आम्ही बाहेर आलो तेव्हा ती दिसली नाही," दुभाषीने तपासनिसांना सांगितलं, आणि सांगतानाच तिची नजर काकूंकडे गेली.

तपासनिसांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द होता. 'आम्ही बाहेर आलो' आणि 'आपण बाहेर आलो' यातला फरक त्या भाषेत जातच नव्हता. आम्ही म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आम्ही. आपण म्हणजे ऐकणाऱ्याला धरून. रेडिओने आधी बरोबर आम्ही म्हटलं होतं, तेव्हा ती तपासनिसांकडे बघत होती. काकूंकडे वळल्यावर ती आपण म्हणाली.

म्हणजे मंगळवारी दुपारी त्या बायकांबरोबर काकू होत्या. आणि काकू म्हणत होत्या की त्या शेडमधून हलल्याच नाहीत.

३

तपासनिसांनी दहा मिनिटांची सुट्टी केली. दुभाषी बाहेर आली.

बारा वर्षांत तिने असं कितीतरी ऐकलं होतं, जे भाषांतराच्या चाळणीतून खाली गळून गेलं. कोर्टात एकदा एका पोराच्या तोंडच्या एका शब्दासाठी तिने तोंड उघडलं होतं, तर न्यायाधीशांनी झापलं होतं आणि एजन्सीने लेखी ताकीद दिली होती. नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार होती? शिवाय 'आपण' काय, बोलण्याच्या ओघात कुणीही कसंही म्हणतं. एवढ्याशा शब्दावर एका बाईला खोटं कसं पाडायचं?

हौदापाशी फवारणीवाला पंप धूत होता. खंगलेला म्हातारा, खोकून खोकून पाठीला बाक आलेला. पंपातून दुधासारखं पांढरं पाणी निघून मोरीकडे वाहत होतं. तासाभरापूर्वी ऑफिसात व्यवस्थापकांसमोर त्याची जबानी झाली होती. "विसरलो असेन कुलूप," एवढंच तो म्हणाला होता, बुटांकडे बघत.

ती नळाखाली हात धरून उभी राहिली.

"मला काही विचारू नका, बाई," तो पंपावरची नजर न काढता म्हणाला.

"विचारत नाहीये. पाणी प्यायला आले." ती दोन घोट प्यायली. "एवढं पांढरं असतं का औषध?"

"हे नवं आहे. यंदा पहिल्यांदाच आलं. सोमवारी चार नंबरात मारलं तेवढंच. पानावर वाळलं की चुन्याचे शिंतोडे पडल्यासारखं दिसतं, धुतल्याबिगर जात नाही." औषधाविषयी बोलताना त्याचा आवाज स्थिर झाला. "त्या दिवसापासून पंपाला हात लावावासाच वाटला नाही. आज म्हटलं, निदान धुऊन तरी ठेवू."

"तुम्हीच बघितलंत ना तिला पहिल्यांदा?"

त्याने पंप खाली ठेवला. आजूबाजूला पाहिलं. दूरवर काचघरांच्या रांगेपाशी पहारेकरी पाठमोरा उभा होता.

"अठरा वर्षं फवारतोय," तो म्हणाला. "अठरा वर्षांत कुलूप विसरलो नाही. लावलं, किल्ली ऑफिसात दिली, साहेबांनी माझ्यासमोर कपाटात टाकली. त्या कपाटाला आकड्याचं कुलूप आहे. आकडा साहेबांशिवाय कुणाला ठाऊक नाही."

"मग ती आत कशी गेली?"

"ते मला काय ठाऊक? पण बुधवारी सकाळी साहेब परत आले, त्यांनी किल्ली दिली आणि मी हवा खेळती करायला दार उघडायला गेलो ना..." त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत दुभाषी थांबली. "साहेब म्हणतात, दार उघडं होतं म्हणून सांग. नाहीतर तुझ्या निष्काळजीपणानं मेली म्हणून पोलिसात देतो."

"उघडं नव्हतं?"

"बाहेरून कुलूप होतं, बाई. ती आत, आणि बाहेरून कुलूप."

४

"मला काही सांगायचंय," दुभाषी म्हणाली. चाचणीच्या खोलीत तपासनीस एकटेच होते. "हे भाषांतर नाही. माझं आहे."

त्यांनी चष्मा काढला. "तुमची एजन्सी याला परवानगी देते?"

"नाही."

तिने सांगून टाकलं. पाठ केलेलं वाक्य, आम्ही आणि आपण, बाहेरून लावलेलं कुलूप. ती मध्ये कुठेही थांबली नाही.

तपासनीस ऐकून घेत होते. मग म्हणाले, "एका सर्वनामावरून तुम्ही बाईला खोटं ठरवताय."

"एकट्या त्यावरून नाही. चोरायला एकटी गेलेली बाई आतून बाहेरचं कुलूप लावू शकत नाही. कुणीतरी दार उघडलं आणि कुणीतरी ते पुन्हा लावलं."

"मान्य. पण त्या सगळ्याजणी आणि काकू त्यांच्याबरोबर, हेही मान्य केलं, तरी त्या पाच नंबरातच असतील. चार नंबरात होत्या कशावरून? व्यवस्थापकांनी मला मालाची नोंद दाखवलीय. मंगळवारच्या गाडीत फिके पिवळे गुलाब गेले, ते सोमवारी सकाळी, फवारणीच्या आधी तोडून शीतगृहात ठेवले होते. त्यात गैर काही नाही."

दुभाषी गुलाबांच्या बरण्यांकडे बघत राहिली. सकाळपासून ती त्यांच्यामध्ये बसली होती आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं. शनिवार. शुक्रवार. गुरुवार. लाल, पांढरे, गुलाबी. फिके पिवळे एकाच बरणीत होते, कारण ती जात फक्त चार नंबरातच लावलेली होती आणि ते काचघर बुधवारपासून बंदच होतं.

तिने ती बरणी उचलून टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर मंगळवार लिहिलं होतं. फुलं आता मान टाकायला लागली होती, पण पानं अजून टवटवीत होती. आणि त्या हिरव्यागार पानांवर पांढरे शिंतोडे होते. चुन्यासारखे.

"यंदा हे पांढरं औषध एकदाच मारलंय," ती म्हणाली. "सोमवारी दुपारी, चार नंबरात. फवारणीवाल्याला बोलावून विचारा. मग सोमवारी सकाळी तोडलेल्या फुलांवर ते पडलं कसं?"

तपासनिसांनी बोटाच्या टोकाने पानाला शिवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"घाई होती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पानं पुसायलासुद्धा वेळ नव्हता."

"ती चोरायला नव्हती गेली. ती कामावर होती. सगळ्याच होत्या."

ते उठून खिडकीशी गेले. "सहा महिन्यांपूर्वी याच खोलीत मी याच बायकांच्या जबान्या घेतल्या. कोपऱ्यात याच काकू. सगळ्यांनी सगळं उत्तम असल्याचं सांगितलं आणि मी शिक्क्याला मुदतवाढ दिली. आता तो काढला, तर दुकानं पुढच्या आठवड्यात इथली फुलं बंद करतील. दोनशे बायकांना घरी पाठवतील. बातमी फुटेल ती वेगळीच. लोक म्हणतील, हा शिक्काच थापा मारतो. इथून चार तासांवर डोंगरात एक सहकारी मळा आहे. तिथल्या बायका स्वतःच मालक आहेत, नियम तोडणं त्यांच्या स्वप्नातही येत नाही. लोक त्यांचीही फुलं घेणार नाहीत." ते वळले. "खरं सांगू? ती चोर निघाली असती तर मला सोयीचं होतं. सकाळपासून मी तीच आशा धरून बसलो होतो."

त्यांना दुभाषीकडून उत्तर नको होतं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"काकूंना बोलवा," ते म्हणाले. "एकट्यांना."

५

काकू कोपऱ्यातल्या खुर्चीकडे निघाल्या होत्या. तपासनिसांनी टेबलासमोरची खुर्ची दाखवली. त्या बसल्या. समोर मंगळवारची बरणी होती. तिच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि त्यांना काय ते कळलं.

"पोरी," त्या दुभाषीला म्हणाल्या, "तू आपल्यातली आहेस. मी काय बोलते ते आधी तू ऐक. सगळंच्या सगळं त्याला सांगू नकोस."

"काकू, मी इथं बसलेय तोवर तुम्ही बोलाल ते सगळं सांगणार. हेसुद्धा सांगणार. सांगायचं नसेल तर बोलू नका. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

आणि तिने वळून ते तपासनिसांना सांगितलं, सगळंच्या सगळं.

बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला. काकू पदराच्या टोकाची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"माझी मुलगी पुढच्या वर्षी इथं यायची आहे," त्या म्हणाल्या. "तिचे कागद साहेबांच्या हातात आहेत. माझा पासपोर्टही त्यांच्याच कपाटात. सगळ्यांचेच आहेत."

तपासनिसांचं पेन थांबलं. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे असतो, असं सहा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः लिहिलं होतं.

"मंगळवारी सकाळी दुकानांचा निरोप आला. संध्याकाळच्या गाडीत माल दुप्पट पाहिजे, आणि पिवळी फुलं पाहिजेतच. नाही म्हटलं तर दुसरीकडून घेऊ. मी साहेबांना शहरात फोन लावला. ते म्हणाले, चार नंबर उघडा. मी म्हटलं, औषध आहे. म्हणाले, एक दिवस झालाय, तासाभरानं कुणी मरत नाही. तुम्ही स्वतः आत उभ्या राहा म्हणजे बायका कुरकुर करणार नाहीत. किल्लीसाठी कपाटाचा आकडा त्यांनीच फोनवर सांगितला."

दुभाषी सांगत गेली. वाक्यामागून वाक्य.

"अकराजणी होतो, माझ्यासकट. आत शिरलो तर डोळ्यांतून पाणी, घशात आग. मी म्हटलं, आटपा गं. थोरली सगळ्यात चपळ, म्हणून मी तिला मागच्या टोकाला पाठवलं. तिकडची खिडकी उघडत नाही." काकूंचा हात पदरावर थांबला. "चहाच्या घंटेला सगळ्या धडपडत बाहेर आल्या. दोघी तिथंच ओकल्या. कुणी नळाकडे, कुणी खोलीकडे. गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी डोकी मोजली नाहीत. रोज मोजते. त्या दिवशी मोजली नाहीत. दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली जागेवर ठेवली."

त्यापुढचं त्या फार हळू बोलल्या. दुभाषीला पुढे वाकावं लागलं.

"कुलूप मी लावलं, पोरी. ती आत होती आणि मी कुलूप लावलं."

दुभाषीने तेही सांगितलं. शब्द एकही सुटला नाही.

पाच मिनिटांनी ती तिघं व्यवस्थापकांच्या ऑफिसात उभी होती. व्यवस्थापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काकूंकडे पाहून ते दुखावल्यासारखं हसले.

"बाई घाबरलीय. स्वतःचं पाप माझ्या गळ्यात घालतेय. मी कुणालाही फोनवर काही सांगितलेलं नाही. हे कपाट माझ्याशिवाय आजवर कुणी उघडलेलं नाही, आकडा कुणाला ठाऊकही नाही. हिने दार कसं उघडलं ते हिलाच विचारा. दुसरी किल्ली करून घेतली असेल."

"आकडा काय होता?" तपासनिसांनी काकूंना विचारलं. दुभाषीने प्रश्न फिरवला.

"चार, सात, एक, नऊ."

तपासनीस कपाटापाशी गेले. पहिली चकती फिरवली. दुसरी फिरवली.

"ते उघडणार नाही," व्यवस्थापक मागून म्हणाले. "उगाच वेळ घालवू नका. तो आकडा आता चालत नाही."

तपासनिसांची बोटं चकतीवरच राहिली. दुभाषीला काही सांगावं लागलं नाही. ते वाक्य तपासनिसांच्याच भाषेत होतं.

"आता," तपासनीस न वळता म्हणाले. "म्हणजे आधी चालत होता."

व्यवस्थापकांचं तोंड उघडं राहिलं.

"जो आकडा तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, तो या बाईंना ठाऊक आहे. आणि त्या मुलीच्या मृत्यूनंतर तुम्ही तो बदललात." तपासनीस बाजूला झाले. "आता जो चालतो तो लावा. मला पासपोर्ट बघायचेत."

६

कपाटात एकशे ब्याण्णव पासपोर्ट निघाले, रबर लावून दहा-दहाचे गठ्ठे केलेले. थोरलीचाही त्यातच होता. मजूर खात्याचा अधिकारी दुपारी आला. तपासनिसांचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

पुढे जे झालं ते सगळंच चांगलं झालं, असं नाही. व्यवस्थापकांवर खटला भरला गेला, काकूंवरही. काकूंनी वकील नाकारला नाही, पण आपलं काही लपवलंही नाही. फवारणीवाल्याने साक्ष दिली. शिक्का सहा महिन्यांसाठी थांबवला गेला. तपासनिसांनी अहवालात एका सकाळीत मागणी दुप्पट करणाऱ्या दुकानांची नावं घातली आणि स्वतःच्या जुन्या अहवालातल्या चुकाही एकेक करून लिहिल्या. दोन मोठ्या दुकानांनी चिडून हिरव्या शिक्क्याचा मालच बंद करून टाकला. डोंगरातल्या सहकारी मळ्याला त्या हंगामात अर्धी फुलं जनावरांपुढे टाकावी लागली. साठ बायका घरी परतल्या. राहिल्या त्यांनी आपल्यातून पाचजणी निवडल्या. दाराची किल्ली आणि लाल पाटी आता त्यांच्या ताब्यात असते. त्या पाचात रेडिओ आहे, आणि ती म्हणेल तेव्हाच दार उघडतं.

एजन्सीने दुभाषीला कामावरून काढलं. पत्रात कारण एका ओळीत होतं: भाषांतराबाहेर बोलणं.

अहवाल आला त्या रविवारी ती धाकटीच्या खोलीवर गेली. धाकटीला अहवालाची भाषा वाचता येत नव्हती. तिने आईला फोन लावला आणि तो दुभाषीच्या हातात दिला. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी भांडी घासत होतं.

"मावशी, तपासाचा कागद आलाय," दुभाषी म्हणाली. "त्यात तुमच्या मुलीविषयी लिहिलंय, तेवढं वाचून दाखवते."

"वाच."

"सदर कामगार स्त्री वरिष्ठांच्या आदेशावरून, कामाच्या वेळेत, इतर दहाजणींबरोबर काम करत असताना विषारी औषधामुळे मरण पावली. चोरीचा आरोप पूर्णपणे खोटा आहे."

पलीकडे भांडी घासणं थांबलं.

"चोरीचं काय म्हणालीस?"

"पूर्णपणे खोटा आहे, असं लिहिलंय. खाली सही आहे, शिक्का आहे."

धाकटी फोनला कान लावायला जवळ सरकली. मग पलीकडून पाटावरून उठल्याचा, काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"थांब हं, बाई. ठेवू नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज लांब गेला. ती अंगणात जाऊन हाका मारत होती. समोरच्या घरी, पलीकडच्या घरी, विहिरीवर. एकेकीचं नाव घेऊन, मोठ्यानं. बायकांची कुजबुज गोळा होत गेली. कुणीतरी पोराला गप्प केलं.

"आता वाच," आई परत येऊन म्हणाली. "मोठ्यानं वाच. सगळ्या ऐकतायत."